गूळ, तांबं आणि ओक: रबाळे इथल्या प्रायोगिक भट्टीच्या प्रकल्प नोंदी

4 डिसेंबर 2023

परवान्याची प्रत दाराशी लागली, साठ्याच्या खोलीला राज्य उत्पादन शुल्क विभागाचं दुसरं कुलूप बसलं. (या सगळ्या नोंदी परवान्याखालच्या कामाच्या आहेत. घरी दारू गाळणं महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली गुन्हा आहे आणि आगीच्या दृष्टीनं धोक्याचंही.)

शोधायचं आहे ते एवढंच: मुरलेल्या मद्याची चव किती भट्टीवर ठरते, किती लाकडात, आणि ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या दमट हवेत हा हिशेब कसा बदलतो. कच्चा माल गूळ. मळी घेतली नाही, कारण साखर काढून झाल्यावर मळीत क्षार आणि जळकटपणा जास्त उरतो. गुळात रसाचा वास टिकून असतो.

सामान: 600 लिटरचा तांब्याचा हंडा, वाफेच्या जॅकेटवर. थेट आच नको, गुळाचं पाणी बुडाला धरतं आणि तो करपट वास शेवटच्या थेंबापर्यंत येतो. मानेपासून कंडेन्सरकडे जाणारी नळी 2 मीटर, किंचित वर चढणारी. कंडेन्सर सध्या स्टेनलेस स्टीलचा. झाळकाम शिसं नसलेल्या झाळीचंच, तांबटाकडून हे लिहून घेतलं. सांधे गव्हाच्या घट्ट कणकेनं लिंपायचे. कणीक वाफेनं वाळून धरते आणि आतला दाब वाढला तर आधी तीच सुटते.

दिवे आणि मोटारी फ्लेमप्रूफ, प्रत्येक भांड्याला अर्थिंग. शुद्ध अल्कोहोलचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीनं वाफ पेटू शकते ते किमान तापमान, 13 अंशांच्या आसपास आहे. 60 टक्क्यांच्या मालाचाही नवी मुंबईच्या खोलीच्या तापमानाखालीच राहतो. म्हणजे इथे सांडलेला माल बाराही महिने पेट घेऊ शकतो.

9 डिसेंबर 2023

पहिले दोन वॉश (आंबवायचं गुळाचं पाणी) लावले, प्रत्येकी 400 लिटर. एका टाकीत 80 किलो गूळ. ब्रिक्स (साखरेचं माप) 17.5, घनता 1.072.

गुळाच्या द्रावणाचा पीएच 6 च्या वर भरला, कारण गुऱ्हाळात रस साफ करताना चुना पडतो. सायट्रिक ॲसिडनं 4.8 वर आणला. यीस्ट 200 ग्रॅम, डायअमोनियम फॉस्फेट 160 ग्रॅम. गुळात साखर भरपूर, पण यीस्टला लागणारा नायट्रोजन फार कमी. हातभट्टीवाले नवसागर टाकतात त्यातही यीस्टला मिळतो तो अमोनियाच. पण नवसागराचा हात सुटला आणि अमोनिया वाफेत आला तर तो तांबं खातो आणि धार निळसर उतरते. मोजून टाकलेलं फॉस्फेट बरं.

यीस्ट 29 अंशांना सोडलं. थंड पाण्याची कॉइल 32 वर चालू होईल. 35 च्या पुढे गेलं की फ्यूजल अल्कोहोल वाढतात, म्हणजे घशात जळजळ आणि जडपणा. ते पुढे भट्टीवर नीट वेगळे होत नाहीत.

13 डिसेंबर 2023

टाकी 1 व्यवस्थित. घनता 1.006, अल्कोहोल 8.7 टक्के, वास पिकलेल्या केळ्याचा आणि उसाच्या चिपाडाचा.

टाकी 2 ला सडलेल्या अंड्याचा वास. यीस्ट, पाणी, तापमान दोन्हीकडे एकच, फरक फक्त गुळात. टाकी 2 मध्ये पिवळाधमक, दिसायला देखणा गूळ होता, टाकी 1 मध्ये काळपट. पिवळा गूळ कोमट पाण्यात विरघळवून लिंबू पिळलं तर नाकाला झोंबणारा वास आला. गुऱ्हाळात रंग उजळायला हायड्रॉस, म्हणजे सोडियम हायड्रोसल्फाइट, टाकतात. त्यातून उरलेलं सल्फाइट यीस्टनं हायड्रोजन सल्फाइडमध्ये बदललं.

यापुढे काळपट, हायड्रॉस न टाकलेलाच गूळ. लिंबाची चाचणी प्रत्येक पोत्याची. टाकी 2 फेकायची नाही, तांबं सल्फर किती ओढतं हे पाहायला ती हवी आहे.

20 डिसेंबर 2023

पहिली गाळणी. हंडा दोन तृतीयांश भरला. जास्त भरून चालत नाही, गुळाचा वॉश दुधासारखा उतू जातो आणि फेस नळीत चढला की धार तपकिरी होते. उकळी 94 अंशांच्या सुमारास, पहिले थेंब 50 टक्क्यांवर. धार 1 टक्क्यावर येईपर्यंत चालवली. 400 लिटरमधून 123 लिटर, सरासरी 27 टक्के. या गाळणीत काही वेगळं काढायचं नसतं, फक्त अल्कोहोल गोळा करायचं. गोव्यात काजूच्या पहिल्या गाळणीला उर्राक म्हणतात. ते तसंच पितात आणि त्याचाच काही भाग परत गाळून फेणी होते. इथला पहिला माल पिण्याजोगा नसतो, गढूळ आणि आंबूस असतो.

टाकी 2 चा माल: अंड्याचा वास बराच गेला, पण मागे उकडलेल्या कोबीचा वास राहिला. मान उघडून पाहिली तर आतून काळी. सल्फर तांब्यावर बसला तो हा थर. तांब्याची मान चकाकीसाठी नसते, ती यासाठीच असते. पण वाफ पाणी होताना, म्हणजे कंडेन्सरमध्येही, तांब्याचा स्पर्श लागतो, आणि आपल्याकडे तिथे स्टील आहे. चूक आराखड्यातच आहे. तांब्याच्या नळ्यांचा कंडेन्सर करायला दिला, तोपर्यंत मानेत तांब्याच्या जाळीचे 2 गुंडाळे.

मान 2 टक्के सायट्रिक ॲसिडनं धुतली, मग साधं पाणी, मग रात्रभर उघडी. धुतलेल्या तांब्यावर ओल राहिली की हिरवट थर येतो, म्हणून प्रत्येक रनच्या आधी भट्टी नुसत्या पाण्याच्या वाफेनं धुवून काढायची.

11 जानेवारी 2024

नवा कंडेन्सर बसला. तीन वॉशचा माल एकत्र, 370 लिटर, 27 टक्के. दुसरी गाळणी. चवीचा खरा निर्णय आज.

उकळी 86-87 अंशांना. वाफ निम्म्यावर आणली, धार पेन्सिलच्या शिशाएवढी. घाई केली की मानेत वाफ थंड होऊन परत हंड्यात पडायचं प्रमाण घटतं आणि जड घटक सरळ बाहेर येतात.

काचेचे ग्लास ओळीनं मांडले, प्रत्येकावर आकडा, प्रत्येकात अर्धा लिटर. पहिल्या ग्लासात नेलपॉलिश आणि हिरव्या सफरचंदाचा झोंबरा वास: इथाइल ॲसिटेट आणि ॲसिटाल्डिहाइड. दोन थेंब तळहातावर चोळले की अल्कोहोल उडतं आणि वास उघडा पडतो. नवव्या ग्लासापर्यंत झोंबणं होतं, दहाव्यात कमी झालं, अकराव्यात गुळाची ढेप नुकती फोडल्यासारखा वास आला. तिथून मधली धार धरली. पुढची धार (मधलीच्या आधी निघालेली) 5 लिटर, 77 टक्के.

बोलण्यात 'पहिल्या धारेची' म्हणजे अस्सल आणि कडक. कडक असते हे खरं. पण सुरुवातीच्या त्या धारेत डोकं चढवणारे हलके घटक सर्वात दाट असतात, आणि नीट काम करणारी कुठलीही भट्टी ती बाजूला काढते.

मिथेनॉलबद्दल एक गैरसमज पक्का बसलाय: तो 64.7 अंशांना उकळतो, म्हणून पुढची धार फेकली की गेला. अल्कोहोल-पाण्याच्या मिश्रणात तो असा सुटा निघत नाही, साध्या हंड्यात थोडा थोडा सगळ्या धारेत येत राहतो. दिलासा कच्च्या मालाचा आहे. मिथेनॉल फळांतल्या पेक्टिनमधून येतो, गुळात पेक्टिन जवळजवळ नसतं. 2015 मध्ये मालवणीत शंभराहून जास्त माणसं गेली ती दारूत औद्योगिक मिथेनॉल मिसळल्यामुळे. धार कशी तोडली याच्याशी त्याचा संबंध नव्हता.

मधली धार 75 टक्क्यांपासून उतरत गेली. 62 च्या खाली चव बदलू लागली, गुळाच्या जागी भाजक्या शेंगदाण्यासारखी तेलकट, भरीव. 58 ला ओल्या पुठ्ठ्याचा वास स्पष्ट झाला, तिथे तोडली. मधली धार 92 लिटर, सरासरी 69 टक्के. मागची धार 83 लिटर, पुढच्या रनमध्ये परत.

58 की 62, यावर बराच खल झाला. 62 ला तोडलेला माल आज पिऊन बघायला स्वच्छ लागतो, पण तो पिंपात घालायला पोकळ आहे. 62 ते 58 मधले जड घटक आज खटकतात, आणि त्यांच्यावरच लाकूड आणि हवा पुढे काम करतात. 58 कायम.

13 जानेवारी 2024

कोण किती टक्क्यांपर्यंत गाळतो यावरून त्याला चव कुठून आणायची आहे ते कळतं. कोन्याकला (फ्रान्सची द्राक्षाची ब्रँडी) कायद्यानं सत्तरीच्या थोडी वरची मर्यादा आहे, गाळणी तांब्याच्या भट्टीत दोनदा, त्यामुळे द्राक्ष टिकतं. बर्बनला (अमेरिकेची मक्याची व्हिस्की) 80, आणि ते नव्या जाळलेल्या ओकमध्येच ठेवावं लागतं. तिथे लाकूडच पुढे असतं. स्कॉचला 94.8 पेक्षा कमी, ओकमध्ये किमान 3 वर्षं. आपल्याकडची बहुतेक व्हिस्की ज्यावर उभी आहे ते मळीचं किंवा धान्याचं ईएनए (जवळजवळ चव नसलेलं शुद्ध अल्कोहोल) कॉलममधून 96 टक्क्यांच्या आसपास निघतं. त्यात कच्च्या मालाची ओळख उरत नाही आणि उरू नये हाच हेतू असतो. असं स्पिरिट पिंपात कितीही वर्षं ठेवलं तरी चव लाकडाचीच येणार, आत दुसरं काही नाहीच.

आपले 69 टक्के कोन्याकच्या बाजूचे. ठीक.

2 फेब्रुवारी 2024

पिंपं आली. 200 लिटरचं एक, आधी बर्बन असलेलं, अमेरिकन ओक. 100 लिटरचं नवं, मध्यम भाजलेलं. 25 लिटरची दोन नवी, आतून जाळलेली. तुलनेला काचेच्या बरण्या.

पांढऱ्या ओकच्या नळ्या आतून टायलोसेसनं, म्हणजे नळीत फुगून आलेल्या पेशींनी, बंद होतात, म्हणून पिंप गळत नाही. दिसायला तितकंच भक्कम लाल ओक पाझरतं. फणसाच्या लाकडाची चाचणी हवी अशी मागणी होती, म्हणून 5 लिटरच्या बरणीत फणसाच्या भाजलेल्या पट्ट्या टाकल्या.

200 लिटरचं पिंप प्रवासात सुकलेलं, दोन फळ्यांच्या सांध्यातून पाणी ठिबकत होतं. 20 लिटर गरम पाणी घालून आधी एका तोंडावर, मग दुसऱ्यावर उभं केलं, नंतर पूर्ण भरून 36 तास. सांधा फुगून बंद झाला. उरलेल्या सुईएवढ्या छिद्राला बाहेरून मधमाशीचं मेण. पाणी 2 दिवसांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, आत कुबट वास धरतो आणि तो काढता येत नाही.

6 फेब्रुवारी 2024

चार रनचा माल डीमिनरलाइज्ड पाण्यानं 60 टक्क्यांवर आणून भरला. बर्बनला पिंपात भरताना कमाल 62.5 टक्के चालतात. टक्केवारी वर गेली तर लॅक्टोनसारखे अल्कोहोलमध्ये विरघळणारे घटक जास्त उतरतात, खाली आली तर लाकडातली साखर आणि टॅनिन. 60 हा मधला मार्ग.

मोजताना: अल्कोहोलमीटर 20 अंशांच्या मालासाठी जुळवलेला आहे. आज माल 31 अंशांना होता आणि काटा 64 दाखवत होता, तक्त्यात खरे 60. तक्ता न बघता आणखी पाणी ओतलं असतं तर 4 टक्क्यांनी खाली गेलो असतो.

200 च्या पिंपात 190 लिटर. 25 च्या दोन्हींत 24-24: एकात स्वच्छ माल, दुसऱ्यात टाकी 2 चा सल्फरवाला. जळलेला थर कोळशासारखा सल्फर ओढतो म्हणतात, ते इथेच दिसेल. दोन्हींचे नमुने काचेतही.

22 एप्रिल 2024

25 लिटर (स्वच्छ): अडीच महिन्यांत रंग कडक चहासारखा. वास व्हॅनिला, ओलं खोबरं. व्हॅनिलिन लाकडाच्या लिग्निनमधून भाजल्यावर सुटतं, खोबऱ्याचा वास ओक लॅक्टोनचा. पण जिभेवर माल अजून कच्चा, आणि वर साय आल्यासारखी लाकडाची गोडी. दोन चवी एकाच ग्लासात, एकमेकींत न मिसळलेल्या.

200 लिटर: रंग फिकट गवती, वास जेमतेम. आकाराचा हा परिणाम. 25 च्या पिंपात लिटरमागे लाकडाचा पृष्ठभाग 200 च्या दुप्पट.

फणसाची बरणी: हळदीसारखा पिवळा रंग, तो फणसातल्या मोरिन या रंगद्रव्याचा. वासात व्हॅनिला नाही, खोबरं नाही, मागे कडवटपणा. बंद केली.

8 जुलै 2024

खोलीत आर्द्रता 88 टक्के, तापमान 28. पिंपांच्या तोंडावर पांढरी बुरशी. लाकडावरची बुरशी पुसून काढली, आतल्या मालाला तिचा धोका नाही. खरी चूक बुचाभोवती गुंडाळलेल्या गोणपाटाची होती. वातीसारखं काम करून ते माल वर ओढत होतं. काढलं, सिलिकॉनचं बूच लावलं.

25 लिटर (स्वच्छ) आता धोक्यात. टॅनिन हिरड्यांना धरतं, सुपारी जास्त चघळल्यावर तोंड सुकतं तसं. लाकूड पुढे निघून गेलं, मद्य मागे राहिलं. उष्ण प्रदेशात लवकर मुरतं असं सरसकट म्हणतात ते अर्धंच खरं. लाकडातून रंग, व्हॅनिला, टॅनिन सुटणं उष्णतेनं वेगात होतं, लहान पिंपात आणखी. पण फळ्यांतून झिरपणाऱ्या हवेनं अल्कोहोलचं सावकाश ॲसिटाल्डिहाइड आणि ॲसेटिक ॲसिड होणं, त्या ॲसिडचं अल्कोहोलशी जुळून एस्टर (फळासारख्या वासाचे घटक) होणं, तिखट टोकं मऊ होणं, याची चाल वेगळी आहे आणि त्याला दिवस लागतात. मोरांब्याला रंग कढईत येतो, मुरतो तो बरणीत.

म्हणून उपाय: नव्या पिंपातून काढून जुन्या पिंपात टाकायचं, म्हणजे लाकूड थांबेल आणि हवा चालू राहील. यासाठी दोनदा वापरलेलं 25 लिटरचं पिंप मागवलं.

19 सप्टेंबर 2024

स्वच्छ माल 12 तारखेला जुन्या पिंपात हलवला.

सल्फरवाला माल काढून पाहिला. कोबीचा वास बराच गेला, नाक खुपसल्यावर जळलेल्या काडीची आठवण येईल इतकाच उरला. काचेतला तोच माल फेब्रुवारीत होता तसाच. म्हणजे जळलेला थर चव देण्याआधी काढून घेतो. तरीही भट्टीवर चुकलेलं सगळं पिंप दुरुस्त करत नाही. ज्या महिन्यांत स्वच्छ मालात खोबरं-व्हॅनिला आलं, त्याच महिन्यांत या मालाचं लाकूड सल्फर झाकण्यात खर्ची पडलं. दोन्ही शेजारी ठेवून प्यायले तर हा सपाट लागतो.

10 फेब्रुवारी 2025

वर्ष झालं.

200 लिटर: 190 चे 174 लिटर, 60 चे 58.6 टक्के. आकारमानात घट 8.4 टक्के, शुद्ध अल्कोहोलमध्ये 10.6.

25 लिटर (स्वच्छ, दोन्ही पिंपं मिळून): 24 चे 20.4 लिटर, 58.1 टक्के. आकारमानात घट 15 टक्के, त्यातला काही भाग नव्या कोरड्या फळ्यांनीच प्यायला.

स्कॉटलंडमध्ये ही घट वर्षाला साधारण 2 टक्के धरतात, बेंगळुरूच्या अमृत डिस्टिलरीनं 10-12 टक्के सांगितली आहे. आपली दुसऱ्याच्या जवळ. टक्केवारी उतरली याचं कारण हवेतली ओल. बाहेर बाष्प भरलेलं असताना पिंपातलं पाणी फारसं बाहेर जात नाही, अल्कोहोल जात राहतं. केंटकीच्या गोदामांत वरच्या कोरड्या, तापलेल्या मजल्यांवर नेमकं उलटं होतं, पाणी आधी जातं आणि टक्केवारी चढते. म्हणजे इथे 5 वर्षं ठेवायचं असेल तर 60 वर भरून शेवटी काय उरेल याचा हिशेब आधी करावा लागेल.

मोजताना दुसरी खबरदारी: रंग चढलेल्या मालात लाकडाचे विरघळलेले घन पदार्थ असतात, त्यांनी घनता वाढते आणि काटा कमी दाखवतो. लिटरमागे 1 ग्रॅमला साधारण 0.2 टक्के. वरचे आकडे 100 मिली नमुना पुन्हा गाळून घेतलेले आहेत.

चव. 200 लिटर: गूळ, भाजकी शेंग, मागे किंचित खोबरं. टोकं अजून आहेत. 25 लिटर: जुन्या पिंपात गेल्यापासून टॅनिन बसलं, सुकलेल्या अंजिराचा वास नवा आला, तो भरताना कुठेही नव्हता. 100 लिटर: या दोहोंच्या मध्ये, आणि आज तरी सगळ्यांत एकजीव. काचेतला: रंग पाण्याचा, तिखटपणा वर्षभरापूर्वीचाच.

3 मार्च 2025

100 लिटरच्या पिंपातून 10 लिटर काढून 42.8 टक्क्यांवर आणायचे, आपल्याकडच्या बाटल्यांवर रूढ असलेली टक्केवारी. एकदम पाणी ओतल्यावर पहिला नमुना धुरकट झाला. पिंपात विरघळून असलेली लांब साखळीची एस्टर टक्केवारी उतरली की बाहेर पडतात. थंड करून गाळलं की माल लखलखीत होतो, पण या एस्टरबरोबर तोंडातला भरीवपणाही जातो.

दुसरा नमुना टप्प्यांनी: 58 वरून 53, आठवडाभर थांबून 48, पुन्हा आठवडा, मग 46. पाणी मालात थेंबाथेंबानं, ढवळणं हलक्या हातानं. 46 ला स्वच्छ राहिला. 42.8 ला थंडीत किंचित धुरकट होतो, खोलीच्या तापमानाला नाही. थंड गाळणी करायची नाही, 46 वर भरायचं.

200 लिटरच्या पिंपाला हात लावलेला नाही. पुढचं माप ऑक्टोबरमध्ये, पावसाची ओल ओसरल्यावर. यंदाच्या गुळाची 40 पोती आली, 3 लिंबाच्या चाचणीत नापास, परत पाठवली.